झीताच्या गावात चार दिवस

आईच्या पाकिटात येशूच्या पवित्र हृदयाच्या चित्रामागे आणखी एक छोटं चित्र असतं. कडा झिजलेल्या, मधोमध घडी. डोक्याला फडकं बांधलेली एक बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि ॲप्रनच्या झोळीत फुलं. आई बत्तीस वर्षं वसईहून पहाटेची लोकल पकडून वांद्र्याला एका घरी स्वयंपाकाला आणि वरकामाला जायची. तिकडे घरकाम करणाऱ्या बायकांच्या एका सभेत कुणा सिस्टरने हे चित्र वाटलं होतं. 'ही आपल्या लोकांची संत, संत झीता,' एवढंच सांगून.

यंदा आईला सत्तर पूर्ण झाली. कुठे जायचं म्हणून विचारलं तेव्हा मला वाटलं, वेलंकणी म्हणेल, फार तर लूर्द. तिने पाकिटातून ते चित्र काढलं आणि म्हणाली, "हिचं गाव कुठलं ते बघ."

गाव इटलीतलं लुक्का. सण २७ एप्रिलला. आम्ही २५ ला संध्याकाळी पोचलो.

गुरुवार, २५ एप्रिल

रोमहून पिसा आणि पिसाहून लुक्का, सगळा प्रवास ट्रेनने. शेवटचा टप्पा जेमतेम अर्ध्या तासाचा. २५ एप्रिल हा इटलीचा मुक्तिदिन, राष्ट्रीय सुट्टी, त्यामुळे डबे खच्चून भरलेले. आईला त्याचं काहीच वाटलं नाही. विरारच्या गाडीत आयुष्य गेलेल्या बाईला तोस्कानातली गर्दी ती काय!

(या सणाला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. २५ एप्रिल आणि १ मे या दोन सुट्ट्यांच्या मधोमध हा सण येतो. राहायची जागा दोन-तीन महिने आधी बघा. छोट्या गाड्यांचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर हातात तिकीट असूनही दंड होतो.)

स्टेशनातून बाहेर पडलं की समोर तटबंदी. गावाभोवती सव्वाचार किलोमीटरची, अखंड. वर चांगला रुंद रस्ता आणि दुतर्फा झाडं. सोळाव्या-सतराव्या शतकात ती लढाईसाठी बांधली, आज तिच्यावर पोरं सायकली शिकतात आणि म्हातारे हळूहळू फेऱ्या मारतात. आई साडी, वर स्वेटर आणि पायात स्पोर्ट्‌स शूज अशा वेषात तिच्यावरून चालत राहिली. वसईच्या किल्ल्याच्या सावलीत वाढलेली ती, तटावरचं चुन्याचं काम हाताने चाचपून बघत होती.

आमची घरमालकीण निवृत्त शिक्षिका. आम्ही झीतासाठी आलो हे कळल्यावर तिने आईचे दोन्ही हात धरले. तिला इंग्रजी येईना, आम्हाला इटालियन. मधे फोन ठेवून बोलणं चाललं होतं. तिने जे सांगितलं ते मला नवीन होतं. इटलीचा महाकवी दान्ते याच्या नरकवर्णनात, एकविसाव्या सर्गात, एक सैतान लाचखोर अधिकाऱ्याला खांद्यावर टाकून आणतो आणि उकळत्या डांबरात फेकतो. तो माणूस लुक्काचा. पण दान्ते लुक्का हे नावच घेत नाही. 'हा बघा, सांता झीताच्या पुढाऱ्यांपैकी एक' असं तो सैतान ओरडतो. म्हणजे तिच्या मृत्यूनंतर अर्धशतकही उलटायच्या आत शहराची ओळख एका मोलकरणीच्या नावाने पटत होती. रोमने तिला अधिकृतपणे संत जाहीर केलं ते १६९६ साली, बाराव्या इनोसंट पोपच्या काळात. गावाने चारशे वर्षं वाट बघितली नाही.

आई म्हणाली, "लोकांना आधी कळतं."

शुक्रवार, २६ एप्रिल

सकाळपासून पाऊस. आपल्यासारखा कोसळणारा नाही, भुरभुर, पण थंडी हाडात शिरवणारा. सान फ्रेदियानोच्या चौकात फुलांचा बाजार लागला होता. सणाच्या आसपासचे काही दिवस हा चौक आणि शेजारचा अँफिथिएटरचा चौक कुंड्यांनी, रोपांनी भरून जातो. अँफिथिएटर रोमन काळातलं, पुढे लोकांनी त्याच्याच भिंतींना टेकवून घरं बांधली, म्हणून चौक लंबगोल. जिथे माणसं एकमेकांना मारत तिथे आता जिरेनियम आणि टोमॅटोची रोपं. आईने प्रत्येक विक्रेत्यापाशी थांबून पानं चुरगाळून वास घेतला. कुणी ओरडलं नाही. एकाने तर तुळशीची कुंडी उचलून तिच्या नाकाशी धरली. वास आपल्या तुळशीचा नाही, गोडसर, पण आई खूश.

चौकातल्या सान फ्रेदियानो चर्चच्या दर्शनी भिंतीवर वर सोनेरी मोझेइक आहे, स्वर्गारोहण करणारा ख्रिस्त आणि खाली प्रेषितांची रांग. पावसात दगड काळवंडलेले आणि ते सोनं मात्र तसंच लखलखत होतं. दारापर्यंत गेलो तर चर्च दुपारसाठी बंद. (इथली बरीच चर्चेस दुपारी बंद असतात. सकाळी लवकर जा. एरवी पर्यटकांना तिकीट असतं, पण मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येणाऱ्याला कुणी अडवत नाही.)

मग पायरीवर छत्रीखाली उभं राहून आईला मी झीताची गोष्ट सांगितली. ती मी प्रवासाला निघण्याआधी वाचून ठेवली होती. आईला चित्राशिवाय काहीच ठाऊक नव्हतं.

झीता तेराव्या शतकातली. जन्म-मृत्यूची सालं एका परंपरेत १२१२ ते १२७२ अशी, दुसरीत १२१८ ते १२७८. दोन्हीकडे आयुष्य साठ वर्षांचंच. जवळच्या मोन्साग्राती खेड्यातल्या गरीब शेतकऱ्याची मुलगी. बाराव्या वर्षी लुक्कातल्या फातिनेल्ली नावाच्या श्रीमंत घराण्यात कामाला लागली. लोकरीचे आणि रेशमाचे व्यापारी ते. तिथेच ४८ वर्षं राबली आणि तिथेच गेली. मठ काढला नाही, ग्रंथ लिहिला नाही, कुठली यात्रा गाजवली नाही. सुरुवातीची कित्येक वर्षं घरातले नोकरचाकरच तिला छळत. ती पहाटे उठून मिस्साला जाई, मन लावून काम करी, आपल्या वाटचं अन्न दुसऱ्याला देई, आणि हेच त्यांना खुपे. मालकाचा मारही तिने खाल्ला. पुढे त्याच घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला आल्या.

एका सकाळी प्रार्थनेत तिला वेळेचं भान राहिलं नाही. पाव भाजायचे राहिले म्हणून धावत घरी आली, तर पाव तयार. देवदूतांनी भाजले, असं लोक सांगतात.

हे ऐकून आई लगेच म्हणाली, "आपल्या जनाबाईचं दळण दळलं ना, तसं."

मी हे वाचताना माझ्याही मनात तेच आलं होतं, पण आईच्या तोंडून ते इतकं सहज येईल असं वाटलं नव्हतं. चौथीपर्यंत शिकलेली आई, मराठी शाळेत जनाबाई ऐकलेली. दोघींमधलं साम्य खरंच विलक्षण आहे. जनी लहानपणीच गंगाखेडहून पंढरपूरला दामाशेटींकडे आली, शिंप्याच्या घरी. झीता कापडाच्या व्यापाऱ्याकडे. दोघी जवळपास एकाच काळातल्या. एकीला वाटे विठोबा जात्याला हात लावतो, दुसरीच्या भट्टीशी देवदूत उभे. कामाच्या रगाड्यात दबलेल्या बाईला देवाने निदान कामात हात तरी लावावा, ही आस चंद्रभागेच्या काठी आणि लुक्काच्या सेर्किओ नदीच्या काठी सारखीच असणार.

दुपारी जेवायला एका छोट्या खानावळीत. (कुठल्याही खानावळीत दोनच्या आत पोचा, नंतर स्वयंपाकघर बंद होतं ते संध्याकाळी सातलाच उघडतं. बिलात माणशी एक-दोन युरो बसण्याचे लावतात, ती फसवणूक नव्हे, पद्धत आहे.) तिथे 'झुप्पा दि फारो' मागवलं. वालासारख्या कडधान्याचं दाट सूप, त्यात गव्हासारखे टपोरे दाणे, वरून कच्चं ऑलिव्ह तेल. आईने एक दाणा जिभेवर घोळवला, दाताखाली धरला आणि म्हणाली, "बाय, ही खपली आहे." मी फोनवर बघितलं. फारो म्हणजे खपली गहूच! इथल्या गार्फान्याना डोंगरात तो पिढ्यान्‌पिढ्या पिकतो. आपल्याकडे त्याची खीर करतात, इथे सूप. मालकाला मी फोनवर खपलीच्या खिरीचा फोटो दाखवला. तो आत जाऊन बायकोला घेऊन आला. मग गूळ कसा असतो हे समजावण्यात आमची वीस मिनिटं गेली.

संध्याकाळी चण्याच्या पिठाची 'चेचीना' खाल्ली. परातीत भाजलेलं बेसनाचं धिरडंच, फक्त हळद-मिरची नाही. आईने पर्समधून घरच्या चटणीची पुडी काढली.

शनिवार, २७ एप्रिल

आई पहाटे साडेपाचला उठून बसली. कामावर जायची तिची हीच वेळ.

चर्चमध्ये शिरताच उजव्या हाताला बाराव्या शतकातलं दगडी कुंड आहे. त्यावर मोशे आणि तांबडा समुद्र कोरलेला, आणि इजिप्तच्या राजाचे सैनिक मात्र युरोपी सरदारांसारखे साखळीचं चिलखत घातलेले. एरवी मी तिथे तासभर रेंगाळले असते. पण आईने मला ओढलं, कारण पुढे रांग दिसत होती.

एरवी झीताचा देह बाजूच्या कपेलात असतो. सणाला काचेची पेटी बाहेर मध्यभागी आणतात, म्हणजे लोकांना हात लावता येतो. १५८० साली कबर उघडली तेव्हा देह कुजलेला नव्हता. मसाले वगैरे लावून टिकवलेला हा देह नव्हे, तो आपोआप वाळून राहिला आहे, हे अभ्यासकांनीही तपासून सांगितलं आहे. मला वाटलं होतं आई घाबरेल. चेहरा आणि हात उघडे, सालीसारखी तपकिरी कातडी, बाकी अंगावर वस्त्रं आणि भोवती फुलं. आई काचेवर वाकली आणि बराच वेळ फक्त हात बघत राहिली. बोटं लांब आहेत. नखं दिसतात.

"लहान चणीची होती," आई म्हणाली. "एवढीशी. आणि एवढ्या मोठ्या घराचं पाणी भरायची."

आमच्या पुढे एक फिलिपिनो बाई होती, चाळिशीची. तिने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि काचेवर टेकवून धरला, ओठ हलत होते. नंतर तिच्याशी इंग्रजीत बोललो. ती एका आजारी आजींना सांभाळते, असं काम करणाऱ्या बाईला इथे 'बादान्ते' म्हणतात. घरकाम करणाऱ्यांना इटलीत पूर्वापार गुरुवारची दुपार आणि रविवार सुट्टी मिळते, आज शनिवार म्हणून ती दोन तासांची परवानगी काढून आली होती. किल्ल्या आजींच्या घराच्या. हरवलेल्या किल्ल्या झीता शोधून देते अशी श्रद्धा आहे. पार इंग्लंडमधल्या मोलकरणीसुद्धा मध्ययुगात तिला 'सिथा' म्हणून हाक मारत. "पण मी हरवू नयेत म्हणून टेकवते," ती म्हणाली. "हरवल्या तर काम जाईल." आईने तिला पाकिटातलं चित्र दाखवलं. तिने पर्समधून तिचं काढलं. चित्र वेगळं, ॲप्रनमधली फुलं तीच.

मिस्सा इटालियनमध्ये होती. आईने सगळे प्रतिसाद मराठीत दिले, मोठ्याने, जसे रोज देते तसे. कुणीही मागे वळून बघितलं नाही.

मिस्सानंतर बाकावर बसलो असताना तिने विचारलं, "फुलांचं काय ते राहिलं सांगायचं."

मी सांगितलं. झीता पाव ॲप्रनमध्ये घेऊन गरिबांना वाटायला निघाली होती. घरातल्या कुणीतरी चुगली केली. मालकाने तिला वाटेत गाठलं, ॲप्रनमध्ये काय आहे विचारलं. तिने ओटी मोकळी केली आणि पावाच्या जागी फुलं खाली पडली.

आई गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे तिची झडती घेतली."

मी ही गोष्ट चार-पाच ठिकाणी वाचली होती. सगळीकडे फुलांवर भर. झडती हा शब्द माझ्या डोक्यात आला नव्हता.

आणि त्या बाकावर आईने मला जे सांगितलं ते बत्तीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. इमारतीच्या फाटकावर रोज संध्याकाळी पिशवी उघडून दाखवायची, हे मला माहीत होतं. लहानपणी मीच तिच्याबरोबर दोन-तीनदा त्या रांगेत उभी राहिले आहे. पण एकदा घरातला चांदीचा चमचा सापडेना. आईला स्टेशनच्या वाटेवरून परत बोलावलं आणि जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, तिची पिशवी उलटी केली. पिशवीत छत्री, माळ, पासाचं पाकीट आणि कालचे दोन पाव, जे त्या घरातूनच तिला दिलेले होते. पाव टेबलावरून घरंगळून खाली पडले. चमचा चार दिवसांनी कपाटामागे मिळाला. तेव्हा कुणी काही बोललं नाही.

"ते पाव मी उचलले नाहीत," आई म्हणाली. "तुझ्यासाठी नेत होते."

मी तिचा हात धरून बसले. समोर लोक पेटीला हात लावून पुढे सरकत होते. सूट घातलेले गृहस्थ, कडेवर पोर घेतलेल्या बाया, आणि गणवेशातले नगरपालिकेचे लोकही.

मी दुसरी गोष्टही सांगितली, कारण आईने आणखी सांग म्हटलं. नाताळच्या आदल्या रात्री मालकाने झीताला थंडी वाजू नये म्हणून आपला फरचा झगा घालायला दिला, हरवू नको असं बजावून. याच चर्चच्या दाराशी एक म्हातारा कुडकुडत होता, तिने झगा त्याच्या अंगावर टाकला. मिस्सानंतर म्हातारा नाही आणि झगाही नाही. दुसऱ्या दिवशी कुणी अनोळखी माणूस तो घरी आणून देऊन नाहीसा झाला. त्या दाराला लोक 'देवदूताचं दार' म्हणू लागले. दुष्काळात तिने मालकाच्या कोठारातलं कडधान्यही असंच वाटून टाकलं होतं, आणि मालक मापायला गेला तेव्हा कोठार भरलेलं.

"सगळं दुसऱ्याचंच दिलं की तिने," आई म्हणाली. मला वाटलं तिला ते पटलं नाही. पण पुढे म्हणाली, "तिच्याकडे स्वतःचं काय होतं द्यायला? मला नाही एवढी छाती झाली कधी."

बाहेर आलो तेव्हा ऊन पडलं होतं. चौकात नार्सिससचे जुडगे विकायला होते, फिकट पिवळे. आईने दोन घेतले. एक आत जाऊन पेटीपाशी ठेवला, दुसरा घरमालकिणीसाठी.

संध्याकाळी सान मिकेले चौकातल्या १८८१ पासूनच्या दुकानातून 'बुच्चेल्लातो' घेतला. मनुका आणि बडीशेपेच्या जातीचं बी घातलेला गोड पाव, चकचकीत तपकिरी. लुक्काला येऊन बुच्चेल्लातो न खाणारा आलाच नाही असं समजावं, अशी इथे म्हणच आहे. दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो, चहात बुडवून तर फारच.

रविवार, २८ एप्रिल

मोन्साग्रातीला जायचं होतं. रविवारी बसचा भरवसा नाही, म्हणून टॅक्सी केली. दहा-बारा किलोमीटरच तर अंतर. (जाऊन-येऊन आणि थांबण्याचे पैसे आधीच ठरवा, परतीला तिथे गाडी मिळणार नाही.) रस्ता फ्रेद्दाना ओढ्याच्या खोऱ्यातून जातो. दोन्ही बाजूंना डोंगर, खाली ऑलिव्ह, वर चेस्टनटची रानं.

खेडं म्हणजे विखुरलेली घरं, एक चर्च, भुंकणारं कुत्रं. पर्यटकांसाठी काही नाही आणि मला ते फार बरं वाटलं. बारा वर्षांची पोर इथून निघाली असेल तेव्हा वळणावरून तिने मागे बघितलं असेल का, हे मनात आलं. आईने बघितलं तेव्हा तिलाही तेच वाटलं असावं, कारण ती म्हणाली, "मी तेरा वर्षांची होते पहिल्या घरी गेले तेव्हा."

एका घरामागच्या वाफ्यात एक आजोबा शेंगा तोडत होते, बोटभर जाडीच्या, हिरव्यागार. बाकल्याच्या शेंगा. एप्रिल-मेमध्ये इथे त्या कच्च्याच सोलून मेंढीच्या चीजबरोबर खातात. टॅक्सीवाल्याने त्यांना सांगितलं की या बायका हिंदुस्थानातून सांता झीतासाठी आल्यात. आजोबांनी टोपी काढली. मग दोन मुठी भरून शेंगा आईपुढे धरल्या. पिशवी गाडीत राहिली होती. आईने पदर पुढे केला आणि ते ओंजळीमागून ओंजळ ओतत राहिले, पुरे म्हटलं तरी.

परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर बसून शेंगा सोलत होती. टरफलं एका बाजूला, दाणे पदरात. एक दाणा तिने चाखला. कोवळा, किंचित कडसर. मला चार दिले. मग पुढे वाकून टॅक्सीवाल्याच्या खांद्याला हात लावला आणि मराठीतच म्हणाली, "घे रे बाबा, तू पण."

त्याने गाडी बाजूला घेतली आणि हात पुढे केला.